जीपीएसमधले चार्जिंगचे सेल दोन तासांत का बसतात?

गडचिरोली जिल्ह्याच्या कोरची तालुक्यातल्या एका ग्रामसभेच्या तरुण कार्यकर्त्याचा प्रश्न आहे. सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे गावाला मिळून हक्क असलेल्या जंगलाच्या, हद्दीवर फिरून जागेचे बिंदू नोंदवायला त्यांच्याकडे गार्मिनचं ईट्रेक्स हे जीपीएस यंत्र आहे. दर फेरीला नवे पेन्सिल सेल घेणं परवडेना, म्हणून दिवाळीनंतर त्यांनी चार्जिंगचे चार सेल आणि एक चार्जर आणला. रात्रभर चार्जिंगला लावतात, सकाळी यंत्रावर सगळ्या पट्ट्या भरलेल्या दिसतात, आणि जंगलात दोन तास झाले की यंत्र एकदम बंद. दुकानदार म्हणतो, हे सेल कमी व्होल्टचे आहेत, यूएसबीवर चार्ज होणारे दीड व्होल्टचे लिथियम घ्या. ते घ्यावेत का, आणि रात्रीच्या जागलीला टॉर्चमध्ये काय वापरावं, असं त्यांनी विचारलं आहे.

भाऊ, दुकानदाराचं म्हणणं आधी बाजूला ठेवा. चार्जिंगच्या सेलवर १.२ व्होल्ट लिहिलेलं असतं आणि साध्या सेलवर १.५, हे खरं. पण तुमचं यंत्र बंद पडतं ते त्या फरकामुळे नाही. अल्कलाइन सेल नवा असतो तेव्हाच दीड व्होल्टच्या वर असतो. वापर सुरू झाला की तो उतरू लागतो आणि शेवटपर्यंत उतरतच राहतो. निम्मा संपेपर्यंत तोही १.२ च्या आसपास आलेला असतो. चार्जिंगचा सेल, म्हणजे निकेल मेटल हायड्राइड, चार्जरवरून काढला की १.४ च्या जवळ असतो, थोड्या वेळात १.२५ ते १.३ वर येतो आणि जवळजवळ सगळं आयुष्य तिथंच टिकून राहतो. संपायला आला की मात्र झपकन कोसळतो. ईट्रेक्सला हा सेल चालतो, तो वापरला जाणार हे धरूनच यंत्र बनवलेलं आहे.

आता जरा हिशेब करू. ईट्रेक्स १०, २० आणि ३० या यंत्रांना कंपनी दोन सेलवर २५ तास सांगते. सेलमध्ये किती वीज मावते ते मिलिअँपियर-तासांत मोजतात. २००० मिलिअँपियर-तासांचे सेल धरले, तर यंत्र तासाला ८० च्या आसपास खातं. पडद्याचा उजेड सतत चालू ठेवला तर जास्त खाईल, दीडपट धरा, दुप्पट धरा. तरी दोन तासांत ३२० च्या वर जात नाही. तुमच्या सेलवर २५०० लिहिलेलं असो की ३०००, त्यातून जेमतेम दहावा हिस्सा बाहेर येतो आहे. एवढी मोठी तूट असते तेव्हा दोनच शक्यता उरतात: जोडीतला एक सेल खराब आहे, किंवा चार्जर सेल भरतच नाही. बहुतेक वेळा पहिलं दुसऱ्यामुळे झालेलं असतं.

यंत्रात दोन सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि यंत्राला फक्त दोघांची बेरीज कळते. सकाळी दोन्ही १.३ वर, बेरीज २.६, म्हणून पट्ट्या भरलेल्या. दोन तासांनी कमजोर सेल रिकामा होतो. चांगला अजून १.२५ वर उभा असतो, कमजोर अर्ध्या व्होल्टच्या खाली घसरतो, बेरीज यंत्राच्या किमान गरजेखाली जाते आणि पडदा काळा पडतो. बैलजोडीतला एक बैल बसला की गाडी थांबते, दुसऱ्यात दम असला तरी. पण सेलच्या जोडीत याहून वाईट गोष्ट घडते. चांगला सेल रिकाम्या सेलमधून प्रवाह रेटत राहतो आणि त्याला उलटा चार्ज करतो, अधिकचं उणं आणि उण्याचं अधिक. असं दोन-चार वेळा झालं की तो सेल कायमचा गेला. तुम्ही यंत्र बंद पडल्यावर पुन्हा पुन्हा सुरू करून "अजून एक बिंदू निघतो का" बघत असाल, तर नेमकं हेच घडतं आहे.

खात्री करून घेणं सोपं आहे. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, कुरखेडा, वडसा किंवा ब्रह्मपुरीच्या इलेक्ट्रिकलच्या दुकानात मिळेल. पुढच्या वेळी यंत्र बंद पडलं की तिथंच, झाडाखाली बसून, सेल काढा आणि लगेच एकेकाचे व्होल्ट मोजा. घरी येऊन मोजाल तर उपयोग नाही, कारण अर्धा-एक तास पडून राहिला की मेलेला सेलसुद्धा १.१-१.२ दाखवतो आणि आपली फसगत होते. लगेच मोजलं की एक १.२५ आणि दुसरा ०.४ किंवा ०.६ असं काहीतरी दिसेल. मीटरवर उण्याचं चिन्ह दिसलं, तर तो सेल उलटा झालेला आहे. तो परत चार्ज करत बसू नका, बाजूला काढा.

घरी करायची दुसरी एक परीक्षा सांगतो. मी सर्वेक्षणाच्या गटांचे सेल तपासतो ते याच रीतीने. २.२ ओहमचा, ५ वॅटचा पांढरा सिमेंटचा रेझिस्टर आणा, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे काही रुपयांत मिळतो. सेल पूर्ण चार्ज करून काही तास तसाच राहू द्या. मग रेझिस्टरची दोन टोकं सेलच्या दोन टोकांना दाबून धरा आणि त्याच वेळी मीटरच्या पिना सेलला लावून दहा सेकंद आकडा बघा. अर्धा अँपियरच्या वर प्रवाह निघत असतो. चांगला सेल १.३३ वरून १.२७-१.२८ वर येतो आणि तिथं थांबतो. म्हातारा सेल आधी तेवढेच १.३३ दाखवेल, पण भार पडला की १.१ च्या खाली जाईल आणि आकडा डोळ्यांसमोर घसरत राहील. नुसते व्होल्ट मोजून सेलची तब्येत कळत नाही, ती कळते भार टाकल्यावर. दहा सेकंदांच्या वर धरू नका, रेझिस्टर तापतो. चारही सेलचे आकडे कागदावर लिहा. ज्या दोघांचे आकडे सर्वांत जवळ, ती तुमची जोडी.

आता चार्जरकडे येतो, कारण माझ्या मते मूळ दुखणं तिथं आहे. तुमच्या वर्णनावरून तो सेलसोबत पाकिटात येणारा स्वस्तातला चार्जर दिसतो: लाल दिवा, सेल जोडीनेच लावायचे, दिवा कधी विझतच नाही. तपासायचं असेल तर एकच सेल लावून बघा. एका सेलवर दिवा लागला नाही, तर तो जोडीचा चार्जर आहे. असा चार्जर दोन सेलना एकाच ओळीत चार्ज करतो. एक आधी भरतो, दुसरा नंतर. आधी भरलेल्याला थांबायची सोय नसते, तो तापत राहतो. दुसरा कधी पुरता भरतच नाही. दर रात्री जोडीतला फरक थोडा थोडा वाढत जातो आणि सहा महिन्यांत तुम्ही आज जिथं आहात तिथं पोचता.

यातल्या काही चार्जरमध्ये वेळेचं गणित असतं, ठरावीक तास झाले की बंद. शहरात ते चालून जातं. आपल्याकडे रात्रीतून दोनदा-तीनदा लाईन जाते. लाईन आली की तो चार्जर पुन्हा पहिल्या मिनिटापासून मोजायला लागतो. सेल भरलेला असला तरी पुन्हा पूर्ण वेळ चार्जिंग. पावसाळ्यात एका रात्रीत सेलला दुपटीने चार्जिंग मिळतं आणि सकाळी तो हातात धरवत नाही इतका गरम असतो. कोमट झालेला सेल चालतो, शेवटी शेवटी तो थोडा तापतोच. मुठीत धरून ठेवता येत नसेल, तर सेलचं आयुष्य जळतं आहे असं समजा.

घ्यायचा तो चार्जर प्रत्येक सेलला वेगळा दिवा असलेला आणि एकेकाला वेगळं तपासणारा. निकेलचा सेल पूर्ण भरला की त्याचे व्होल्ट शिखरावर जाऊन किंचित, काही हजारांश व्होल्ट, खाली येतात. चांगला चार्जर त्या घसरणीवर नजर ठेवतो आणि ती दिसली की थांबतो. लाईन जाऊन परत आली तरी भरलेला सेल त्याला काही मिनिटांत ओळखू येतो. फार कमी प्रवाहावर मात्र ही घसरण स्पष्ट दिसत नाही, म्हणून सेलमागे निदान ५०० मिलिअँपियर देणारा घ्या. २००० चा सेल त्यावर चार-पाच तासांत भरतो. पंधरा मिनिटांत किंवा तासाभरात भरून देणाऱ्या चार्जरच्या नादी लागू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. पैसे मोजकेच असतील तर सेल दोनच घ्या, पण चार्जर चांगला घ्या. वाईट चार्जरवर महाग सेलसुद्धा वर्षभर टिकत नाही.

सेल घेताना मोठ्या आकड्याला भुलू नका. २७००-२८०० वाले सेल पहिल्या दिवशी जास्त देतात हे खरं, पण साधा निकेलचा सेल नुसता पडून राहिला तरी पहिल्या महिन्यात पाव हिस्सा गमावतो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. तुमचं काम रोजचं नाही. ग्रामसभेची बैठक होते, तारीख ठरते, चार्ज केलेले सेल पंधरा दिवस पिशवीत पडतात, मग फेरी निघते. अशा कामाला धीम्या गतीने उतरणारे सेल हवेत. सॅन्योने २००५ मध्ये एनेलूप नावाने तसे सेल पहिल्यांदा बाजारात आणले, आता ते पॅनासॉनिककडे आहेत, आणि इतर कंपन्याही तसे सेल बनवतात. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं असतं. १९०० ते २१०० हा त्यांचा खरा आकडा. वर्षभर कपाटात ठेवून काढले तरी बहुतेक चार्ज शाबूत असतो. पाकिटावर भारतीय मानक आयएस १६०४६ ची नोंदणी आहे का ते बघा. चार्जिंगच्या सेलना ती सक्तीची आहे, आणि आठवडी बाजारातल्या नकली सेलवर ती सहसा नसते.

नवे सेल आले की मार्करने लगेच नावं घाला, क१ आणि क२, ख१ आणि ख२. क ची जोडी कायम एकत्र: एकत्र यंत्रात, एकत्र चार्जरवर. क१ रेडिओत आणि क२ घड्याळात गेला की ती जोडी संपली. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या खेळण्यातून वाचवा, सेल सर्वांत जास्त तिथंच गायब होतात. एका यंत्राला तीन जोड्या पुरतात: एक यंत्रात, एक खिशात, एक चार्जरवर.

यंत्रात एक बदल करा. सेटिंगमध्ये सिस्टीम, त्यात बॅटरीचा प्रकार, तिथं निकेल मेटल हायड्राइड निवडा. तुमच्याकडच्या यंत्रात 'प्री-चार्ज्ड' असा वेगळा पर्याय असेल तर नव्या सेलसाठी तो. अल्कलाइन ठेवलं तर पट्ट्या सेलची खरी स्थिती दाखवत नाहीत, आणि इशाराही वेळेवर येत नाही. हा बदल सेलमध्ये ताकद घालत नाही, पट्ट्या खरं बोलू लागतात एवढंच. पडद्याचा उजेड पंधरा सेकंदांनी विझेल असा ठेवा, सागाच्या जंगलात भर दुपारी त्याची गरजच नसते. आणि इशारा आला की त्याच क्षणी जोडी बदला. शेवटचा थेंब पिळू नका, सेल उलटे होतात ते याच हावेपायी.

हे सगळं मी इतक्या काकुळतीने लिहितो आहे त्याला कारण आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात गावोगावी लोक हद्दीवर चालत आले आहेत. त्या फेरीला म्हातारी माणसं येतात, कोणता नाला, कोणता पहाड, कुठल्या देवाचं ठाणं कोणाच्या हद्दीत, हे त्यांनाच ठाऊक असतं. त्यांना दुसऱ्यांदा त्याच डोंगरावर चढवणं बरं नाही. म्हणून माझा आग्रह असतो की गटाच्या पिशवीत अल्कलाइन सेलची एक न फोडलेली जोडी कायम असावी. ती वर्षानुवर्षं टिकते, आणि चार्जिंगचं सगळं बिघडलं तरी त्या दिवसाची फेरी पुरी होते. एकदा वापरायच्या लिथियम सेलची जोडी मिळाली तर आणखी चांगलं, ती हलकी असते आणि गळायची भीती फार कमी. लाल-निळ्या वेष्टनातले किराणा दुकानातले साधे सेल मात्र घड्याळासाठी, जीपीएससाठी नाहीत. आणि अल्कलाइन सेल यंत्रात महिनोन् महिने ठेवून विसरू नका. तो गळतो, पांढरी बुकटी जमते आणि स्प्रिंग खाल्ली जाते. तसं झालं असेल तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब घेऊन पुसा, मग ओल्या फडक्याने, मग कोरड्या, आणि यंत्र एक दिवस उघडं ठेवून पुरतं वाळू द्या.

उन्हाबद्दल वेगळं सांगायला हवं. सेलच्या माहितीपत्रकांत थंडीची भीती घातलेली असते. ती चिखलदऱ्याच्या डिसेंबरात थोडीफार खरी, पण आपला खरा शत्रू मे महिना आहे. तेंदूपत्त्याच्या दिवसांत सावलीतच पारा ४५ च्या पुढे जातो, मोटारसायकलच्या डिक्कीत तर त्याहून कितीतरी वर. निकेलचा सेल ४० अंशांच्या वर नीट चार्ज घेत नाही, दिलेल्या विजेतला बराच भाग उष्णता होऊन जातो. लिथियमचा तर ४५ च्या वर चार्ज करूच नये. तेव्हा उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे करा, घरातल्या जमिनीवर चार्जर ठेवून. टिनाच्या छपराखाली भर दुपारी नको. सोलर पाटीवर यूएसबी चार्जर चालवत असाल तर पाटी उन्हात असू द्या, पण चार्जर लांब तारेने सावलीत आणा. पाटीच्या मागेच चार्जर बांधून टाकणारे पुष्कळ दिसतात, सेल तिथं शिजतात.

आता यूएसबीवाल्या दीड व्होल्टच्या लिथियम सेलचं. त्याच्या पोटात ३.७ व्होल्टचा छोटा लिथियम-आयन सेल आणि व्होल्ट कमी करणारी चकती असते. त्यामुळे तो शेवटच्या क्षणापर्यंत बरोबर १.५ देतो आणि मग शून्य. जीपीएसच्या पट्ट्या पूर्ण भरलेल्या दिसत असतानाच यंत्र बंद, काही इशारा नाही. तुमची तक्रार नेमकी तीच आहे, ती पैसे देऊन विकत कशाला घ्यायची? पाकिटावर ३००० लिहिलेलं असतं ते मिलिवॅट-तास. दीड व्होल्टने भागा, २००० मिलिअँपियर-तास उरतात. चांगल्या निकेल सेलच्या १.२ ला २००० ने गुणा, २४०० मिलिवॅट-तास होतात. म्हणजे फायदा आहे, पण दुकानदार सांगतो तेवढा नाही. शिवाय आतल्या चकतीमुळे रेडिओच्या मीडियम वेव्हवर खरखर येऊ शकते. जुन्या खेळण्यांना, काही कॅमेऱ्यांना, जिथं १.२ खरोखर चालत नाही, तिथं हे सेल उपयोगी आहेत. तुम्हाला नकोत.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. बाजारात १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो. लांबी-जाडी हुबेहूब पेन्सिल सेलची, पण व्होल्ट ३.७. टॉर्चसाठी असतो तो. असे दोन भरलेले सेल जीपीएसमध्ये गेले तर तीनऐवजी आठच्या वर व्होल्ट बसतात आणि यंत्र जळतं. सेलवर ३.७ दिसलं की तो जीपीएसच्या पिशवीत ठेवायचाच नाही.

जागलीच्या टॉर्चचं थोडक्यात. धानाच्या बांधीवर रानडुकरांसाठी बसायचं असो की रात्रीच्या लाईनवर मोटार सुरू करायला जायचं असो, वाघ-बिबट्याच्या आणि आता हत्तींच्या भागात टॉर्च मधेच विझणं परवडत नाही. १८६५० सेलचा, सेल बाहेर काढता येणारा टॉर्च घ्या. सेलवर ९९०० किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर तो खोटा, कारण या आकारात खरा सेल साडेतीन हजारांच्या फार पुढे जातच नाही. सोनाराच्या किंवा किराण्याच्या डिजिटल काट्यावर वजन करून बघा. खरा सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो, नकली तीसच्या आसपास. हलका निघाला तर आत छोटा सेल आणि बाकी पोकळी. जुन्या धाटणीचे, आत ४ व्होल्टची शिशाची बॅटरी असलेले मोठे टॉर्च असतील तर एक नियम पाळा: वापरून आलात की त्याच दिवशी चार्जिंगला लावा. रिकाम्या ठेवलेल्या शिशाच्या बॅटरीच्या पत्र्यांवर सल्फेटचा थर बसतो आणि ती परत उठत नाही. लिथियम कोणताही असो, फुगलेला किंवा वेष्टन फाटलेला सेल चार्ज करू नका, आणि चार्जर तणसाच्या ढिगाजवळ, गादीवर, मच्छरदाणीला लागून ठेवू नका.

मेलेले सेल शेकोटीत किंवा बोडीत, म्हणजे तळ्यात, टाकायचे नाहीत. लिथियम सेल आगीत फुटतो आणि जवळच्याचे डोळे जाऊ शकतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. ग्रामसभेच्या खोलीत झाकणाची एक प्लास्टिकची बरणी ठेवा, लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून त्यात टाकत जा, आणि कोणी गडचिरोली-नागपूरला जाणार असेल तेव्हा जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात किंवा ई-कचरा केंद्रावर देऊन टाका.